तिसऱ्या रांगेतली खुर्ची

वॉर्मअप संपल्याचा भोंगा झाला की कापितोलिना साव्विच्ना उठायची. आजही उठली. शाल डोक्यावरून घट्ट ओढली, शेजारच्या दोघांचे गुडघे ढकलले आणि तिसऱ्या रांगेतून बाहेर पडली. सामना अजून सुरूही झाला नव्हता. अख्खं क्रास्नी पोरोग गाव बर्फमहालात शिरत होतं आणि ही एकटी प्रवाहाच्या उलट, कोपरं मारत दाराकडे निघाली होती.

दारावरच्या काचेच्या खोलीत रिम्मा मोजा विणत बसली होती. शेजारी सूर्यफुलाच्या बियांचा द्रोण आणि हाताएवढा टीव्ही. दोघी एकाच चाळीसारख्या लांबलचक इमारतीत वाढलेल्या, त्यामुळे रिम्माला तिच्याशी बोलताना भीडमुर्वत नव्हती.

"झालं का बघून?" रिम्मानं विचारलं. "बाहेर पडलीस की परत आत नाही हं, कापा. नियम आहे."

"मला यायचंय कुठे परत," कापितोलिना म्हणाली आणि थंडीत निघून गेली. सप्टेंबरपासून प्रत्येक घरच्या सामन्याला दोघींचं एवढंच बोलणं व्हायचं.

ती यायची ते इल्नूरला बघायला, आणि इल्नूर सफारगालियेव बर्फावर दिसायचा तो फक्त वॉर्मअपमध्ये. 'गोर्न' या आइस हॉकी संघाचा तेरावा आघाडीवीर होता तो. लीगचा नियम असा की एक कोवळा खेळाडू पोशाख चढवून संघात असलाच पाहिजे. तो खेळलाच पाहिजे असं मात्र नियमात कुठं लिहिलेलं नाही. त्यामुळे एकोणीस वर्षांचा हा पोरगा हेल्मेट घालून बाकाच्या टोकाला बसायचा, दार उघडायचा, दार लावायचा. बाकी बारा जण घामानं निथळत यायचे नि जायचे. मुख्य संघाबरोबर फिरत असल्यामुळे त्याला ज्युनियर संघातही खेळता येत नव्हतं. ना धड इकडे, ना धड तिकडे.

कारण सगळ्या गावाला माहीत होतं. त्याचा करार एप्रिलअखेर संपत होता. क्लब म्हणत होता, आणखी दोन वर्षांची सही कर, उद्यापासून खेळवतो. आणि तो सही करत नव्हता, कारण अमेरिकेतल्या एका क्लबानं त्याला निवडला होता. उन्हाळ्यात त्यांच्या शिबिराला जायचं तर त्याआधी एक हिवाळा मोठ्या माणसांत खेळून दाखवायला हवा होता. खेळायचं तर सही करायची, आणि सही केली तर जायचं नाही. अशी ती फास घट्ट करत नेणारी गाठ होती, आणि कापितोलिनाच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

तसं बघितलं तर त्या अमेरिकनांवरही तिचा राग काही कमी नव्हता. निवडीच्या शेवटच्या फेरीत, सभागृहातले अर्धे लोक कोट चढवून निघालेले असताना, कुणीतरी माइकवर त्याचं आडनाव अडखळत वाचलं. मग डाकेनं एक टोपी आली. शेवटच्या फेरीतला खेळाडू म्हणजे त्यांना फुकटातली वस्तू. लागला तर लागला, नाही तर विसरून जायचं. महिन्याला एकदा टॉड नावाचा त्यांचा माणूस इल्नूरच्या फोनच्या पडद्यावर यायचा, शेजारी दुभाषी मुलगी. पोरांना घडवणं हे त्याचं काम म्हणे. तो दात दाखवत विचारायचा, आत्मविश्वास कसा आहे, झोप कशी आहे, आणि शेवटी सांगायचा, आता फक्त जास्तीत जास्त वेळ खेळायचं. गेल्या वेळी कापितोलिना मध्येच पडद्यात तोंड घालून म्हणाली होती, "तुमच्या पोराला तलावाकाठी खुर्चीला बांधा आणि रोज विचारा, पोहणं कसं चाललंय." दुभाषी मुलीनं त्याचं काय भाषांतर केलं देव जाणे. टॉडनं अंगठा वर केला.

घडवला होता तो हिनं. हॉकी शाळेत ती बर्फावर चालायला शिकवायची. चकती नाही, गोल नाही, फक्त पाय. इल्नूर बाराव्या वर्षी बश्कीर खेड्यातून आला तेव्हा बदकासारखा पावलं फाकवून सरकायचा. हात सोन्याचे, पण पाय असे की बाकीचे प्रशिक्षक म्हणाले, याला परत पाठवा, घोडे राखेल. तिनं त्याला सात वर्षांच्या चिल्ल्यापिल्ल्यांत उभा केला. ताडमाड पोरगा, कमरेएवढ्या पोरांच्या रांगेत. अख्खा हिवाळा तिनं त्याला चकतीला हात लावू दिला नाही. काठी पाठीमागे आडवी, दोन्ही कोपरांत अडकवलेली, पाठ ताठ, आणि फेऱ्या. डावं पाऊल बाहेर उघडलं की फेरी पहिल्यापासून. पोरं हसायची, आया हसायच्या. तो रडला एकदाच, तेही तिच्यासमोर नाही. वसंतात त्याच्या आईनं मधाची बरणी पाठवली आणि पुढच्या हिवाळ्यात शाळेतला एकही बचावपटू त्याला धरू शकेना.

आता वॉर्मअपमध्ये तो एक फेरी तशीच मारायचा. काठी पाठीमागे, कोपरांत अडकवलेली, गोलमागच्या तिसऱ्या रांगेसमोरून. बाकीच्यांना वाटायचं पाठ मोकळी करतोय. ती फेरी कापितोलिनाची होती, दोघांनाच माहीत असलेली. ती झाली की भोंगा व्हायचा आणि ती उठून जायची. त्याला वाळत घातलेला बघायला मी इथं बसणार नाही, असं तिनं ज्याला त्याला सांगितलं होतं.

नोव्हेंबरात ती मुख्य प्रशिक्षकाच्या खोलीत जाऊन धडकली. वादिम चुगुनोव तिला बघून उठून उभा राहिला, कारण त्यालाही आठव्या वर्षी हिनंच बर्फावर उभं केलं होतं. त्यानं चहा ओतला, वाटीत जर्दाळूचा मुरांबा वाढला. तिनं वाटी बाजूला सारली.

"वादिक, तुला मी पाय दिले," ती म्हणाली. "त्या पोराचे पाय का कापतोस?"

चुगुनोव चिडला नाही. त्यानं शांतपणे आपली बाजू मांडली. आपण पोरं वाढवायची, खाऊपिऊ घालायचं, दात पडले की दात बसवायचे, आणि तयार झाली की त्यांनी एक टोपी पाठवून घेऊन जायचं. क्लबात वरून त्याला सांगितलं गेलं होतं, सही नाही तर खेळ नाही. त्याला स्वतःलाही ते पटत होतं. जो एप्रिलमध्ये जाणार त्याच्यावर मी जानेवारीत जीव का टाकू, असं तो म्हणाला.

"म्हणून बाकावर कुजवणार."

"मी कुजवत नाहीये. लेखणी त्याच्या हातात आहे." मग तो म्हणाला, "आणि तुम्ही रोज उठून जाता ते कुणासाठी, कापितोलिना साव्विच्ना? मला शिक्षा म्हणून? मी प्रेक्षकांकडे बघतसुद्धा नाही. तो बघतो. बाकावर बसून सगळा वेळ तिसऱ्या रांगेकडे बघत असतो. तिथं रिकामी खुर्ची."

तिला हे असं लागलं की तिनं ते ऐकूनच घेतलं नाही. निर्लज्ज आहेस, असं त्याला सुनावून, चहा तसाच टाकून ती बाहेर पडली. जिना उतरताना तिच्या मनात एवढंच होतं की हा माणूस आता माझ्यावर उलटवतोय. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

आणि मग तिच्या रागाला पाय फुटले. चाहत्यांच्या ढोलवाल्या टोळीचा म्होरक्या गोशा, तांब्याच्या कारखान्यातला भट्टीवाला, भरदार आवाजाचा गडी, एका सामन्याला तिच्या पाठोपाठ उठला. म्हातारी बरोबर आहे, तो म्हणाला, आपल्या पोराला बाकावर सडवतात आणि आपण ढोल बडवतो, लाज वाटायला हवी. पुढच्या सामन्याला त्याची सगळी टोळी उठली. डिसेंबरपर्यंत भोंगा झाला की गोलमागचे तीन विभाग रिकामे व्हायला लागले. रिम्मा वैतागली, एवढ्या लोकांना 'परत आत नाही' सांगता सांगता तिचा मोजा तसाच राहायचा. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला, रिकाम्या खुर्च्यांचा. कापितोलिनानं तो कापून स्वयंपाकघरात लावला. आता येतील वठणीवर, असं तिला वाटलं.

इल्नूर एका सकाळी चिल्ल्यापिल्ल्यांच्या तासाला आला. आठवड्यातून दोनदा तो यायचाच, पोरांच्या मागे उभा राहून जुन्याच फेऱ्या मारायला. त्या दिवशी फेऱ्या झाल्यावर तो कठड्यापाशी थांबला. हाडाचा अबोल पोरगा. चार शब्द बोलायचे तर आधी चार वेळा नाक पुसायचा.

"कापितोलिना साव्विच्ना, सामना संपेपर्यंत थांबत जा ना."

"कशाला? तू दार उघडतोस ते बघायला?"

"मी पण तेच बघतो की," तो म्हणाला. "एकटाच बघतो."

तेव्हा तिनं समजायला हवं होतं. पण समजण्याइतकी जागा तिच्या डोक्यात रागानं ठेवलीच नव्हती. तिला वाटलं हा ढिला पडतोय. ती तोंडाला येईल ते बोलली. तू सही करायची नाहीस आणि मीही सामन्याला थांबणार नाही, आपण त्यांना नमवायचं, गाव आपल्या पाठीशी आहे, एप्रिलपर्यंत दात आवळून बस. तो म्हणाला, एप्रिलपर्यंत मी खेळणंच विसरेन. काल सरावात चकती आली आणि हात घाबरले. असं कधी झालं नव्हतं. मी सही करायचा विचार करतोय, असंही तो म्हणाला, बर्फाकडे बघत.

"सही केलीस," कापितोलिना म्हणाली, "तर मला तोंड दाखवू नकोस."

इल्नूरनं मान डोलावली, काठी उचलली आणि तो गेला.

जानेवारीतल्या सामन्याला थंडी अशी होती की श्वास भुवयांवर गोठत होता. वॉर्मअपमध्ये त्यानं ती फेरी मारली. तिसऱ्या रांगेसमोर आल्यावर जरा रेंगाळला, काचेपलीकडून तिच्याकडे बघितलं. तिनं हनुवटी वर केली, म्हणजे टिकून राहा. भोंगा झाला. ती उठली, मागोमाग गोशा, मागोमाग तिन्ही विभाग. दारातून बाहेर पडताना तिला सेनापतीसारखं वाटत होतं, खोटं कशाला बोला.

ट्राम येईना. थांब्यावर ती पाय आपटत उभी होती आणि बाकीचे कोपऱ्यावरच्या पेल्मेनीच्या खाणावळीत शिरले होते. तेवढ्यात बर्फमहालातून गोलचा भोंगा वाजला, लांबलचक. बाहेरच्या कर्ण्यातून निवेदकाचा आवाज आला. गोर्नचा गोल. करणारा, क्रमांक सत्तर, आणि निवेदकानं दम घेतला, इल्नूर सफारगालियेव. वरच्या लीगमधला त्याचा पहिला.

लोकरी बूट घातलेली बासष्ट वर्षांची बाई बर्फावरून जशी पळू शकते तशी ती पळाली. दारापाशी पोचेतो छातीत कळ येत होती. रिम्मानं टीव्ही तिच्याकडे वळवला. गोल पुन्हा दाखवत होते. इल्नूर डाव्या कडेनं सुटला, बचावपटूनं खांदा घातला, आणि हा बुटाच्या पात्याच्या बाहेरच्या धारेवर असा झुकून त्याला वळसा घालून गेला की कापितोलिनाचे स्वतःचे गुडघे वाकले. चकती लांबच्या खांबाला चाटून आत. सवंगडी त्याला मिठ्या मारायला धावले. तो त्यांच्यातून निसटला आणि सरळ गोलमागच्या काचेपाशी गेला. तिसऱ्या रांगेसमोर. तिथं थांबून त्यानं काठी वर केली. समोर तीन विभाग रिकामे. खुर्च्यांखाली लोळणारा एक कागदी पेलासुद्धा दिसत होता. काठी तशीच वर राहिली, मग हळूच खाली आली.

"जा आत," रिम्मा म्हणाली. "मी बघितलेलं नाही."

कापितोलिना आत गेली आणि आपल्या खुर्चीवर बसली. आजूबाजूला एकही माणूस नव्हता. आणि तो खेळत होता. एकदा नाही, खेळाडू बदलण्याच्या दर तिसऱ्या पाळीला चुगुनोव त्याच्या खांद्यावर थाप मारत होता आणि तो कठड्यावरून उडी टाकत होता. तिला आनंद व्हायला हवा होता. पण वादिक चुगुनोवला ती आठव्या वर्षापासून ओळखत होती. हा माणूस फुकट काही देत नाही.

सामन्यानंतर खेळाडूंच्या दारापाशी ती उभी राहिली. इल्नूर ओल्या केसांवर लोकरी टोपी ओढत आला. हातात चकती होती, कडेला पांढरी पट्टी चिकटवून त्यावर कुणीतरी तारीख घातलेली. पहिल्या गोलची चकती खेळाडूला देतात.

"सकाळी सही केली," तो म्हणाला. तोंड दाखवायचं नाही हे त्याच्या लक्षात असावं, कारण तो खाली बघत होता. "दोन वर्षं."

तिला ओरडायचं होतं. दोन वर्षांत ते तुला विसरतील, टॉडला तुझं नाव आठवणार नाही, मी तुला यासाठी चिल्ल्यापिल्ल्यांत उभा केला होता का, हे सगळं जिभेवर तयार होतं. ती एवढंच म्हणाली, "का?"

त्यानं नाक पुसलं. "बाकावर बसणं मला जमलं असतं, कापितोलिना साव्विच्ना. एप्रिलपर्यंत जमलं असतं. पण तुम्ही वॉर्मअपला यायचात आणि जायचात. मग सगळेच जायला लागले. मला वाटायचं, मी खेळत नाही म्हणून कुणाला बघायचं नाहीये." त्यानं चकती पुढे केली. "आज आधी सांगितलं असतं तर तुम्ही आलाच नसतात. म्हणून म्हटलं, निदान वॉर्मअपला तरी याल."

तिचा हात पुढे गेला नाही. "आईला पाठव ती," ती म्हणाली. "मी बघितला नाही तो गोल."

सगळ्या हिवाळ्यात तिला राग धरायला माणसं कमी पडली नव्हती. चुगुनोव, क्लब, टॉड, लीग. त्या संध्याकाळी ट्राममध्ये बसल्यावर एकच नाव उरलं होतं आणि तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. त्याला एक माणूस लागत होता, समोर बसलेला, बस्स. तेवढं तिच्याकडून झालं नाही. घरी जाऊन तिनं स्वयंपाकघरातला तो फोटो फाडला.

दुसऱ्या दिवशी टॉड पडद्यावर आला. छान गोल, तो म्हणाला, सहीचंही कळलं, हरकत नाही, आम्ही थांबू. कापितोलिना म्हणाली, तुमचं काय जातंय थांबायला. दुभाषी मुलीनं या वेळी काहीच भाषांतर केलं नाही.

सहीची बातमी क्लबानं जाहीर केली आणि गावाचा राग एका रात्रीत उलटा फिरला. पुढच्या सामन्याला कापितोलिना तिसऱ्या रांगेत जाऊन बसली तेव्हा गोशाची टोळी ढोल घेऊन आधीच हजर होती. इल्नूर वॉर्मअपला बर्फावर आला आणि हुर्यो उडवणाऱ्या शिट्ट्या सुरू झाल्या. आम्ही त्याच्यासाठी थंडीत उभे राहिलो आणि हा विकला गेला, असं गोशा घसा फाडून सांगत होता. गद्दार, कुणीतरी ओरडलं. तीन विभाग शिट्ट्या घालत होते, त्याच तोंडांनी.

इल्नूरनं काठी पाठीमागे घेतली, कोपरांत अडकवली आणि फेरी मारायला लागला. तिसऱ्या रांगेपाशी शिट्ट्या कान फाडत होत्या. तो मान खाली घालून गेला. डावं पाऊल उघडलं होतं.

भोंगा झाला. टोळी सवयीनं उठली. गोशानं वाकून तिच्या खांद्याला हात लावला. "चला, कापितोलिना साव्विच्ना. आता तर बसायचं कारणच नाही."

"बस खाली," ती म्हणाली.

"म्हणजे? त्यानं सही केली. तुम्हीच तर म्हणाला होतात..."

"मी गाढव होते म्हणून तूही व्हायला पाहिजेस असं नाही." तिनं त्याच्या हातातली ढोलाची काठी हिसकावली, खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसली. "बाकावर बसला तो तू नाहीस, गोशा. सही केली ती त्यानं, आणि करायला लावली ती आपण. आता बस आणि बघ. नाही तर दार तिकडे आहे. बाहेर गेलास की परत आत नाही."

काहीजण गेले. काही शिट्ट्या घालत उभे राहिले. गोशा तोंडातल्या तोंडात पुटपुटत, काठीशिवाय, तिच्या शेजारी बसला, कारण ती काठी काढून घ्यायला तिला उठवणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

आपल्या पहिल्या पाळीनंतर इल्नूर धापा टाकत बाकावर येऊन बसला, हेल्मेट मागे सारलं आणि जुन्या सवयीनं गोलमागे बघितलं. या खेपेला खुर्चीत माणूस होतं. कापितोलिनानं आधी त्याला मूठ दाखवली, मग वाकून आपल्या डाव्या पायावर दोनदा थापटलं. उद्या सकाळी, चिल्ल्यापिल्ल्यांत. त्यानं मान डोलावली आणि पुढच्या पाळीची वाट बघत तो दारापाशी सरकून बसला.